टायरवरचे आकडे आणि मागचं रुंद चाक



सहावी-सातवीला शेकडेमान आणि वर्तुळाचा परीघ शिकवताना आपण बांगडी, ताटली, फार तर बैलगाडीचं चाक घेतो. कल्याण-डोंबिवलीतल्या मुलांनी बैलगाडीचं चाक कितीदा पाहिलेलं असतं? त्यापेक्षा त्यांना गेटबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलपाशी न्या. तिच्या टायरवर गणिताचं अख्खं प्रकरण छापलेलं असतं. ते वाचता आलं, की घरातल्या मोठ्या दादाच्या "मागे १४० चा टायर टाकायचाय" या हट्टाचाही हिशोब मांडता येतो.

समजा टायरवर १००/९०-१७ असं लिहिलंय. १०० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या ९ दशांश, म्हणजे ९० टक्के. १७ हा रिमचा व्यास आणि तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. मुलं इथे हमखास अडकतात, म्हणून हे उदाहरण मला आवडतं.

आता व्यास काढू. १७ × २५.४ = ४३१.८ मिमी रिम. वर ९० आणि खाली ९० टायर. एकूण ६११.८ मिमी. परीघ झाला साधारण १,९२१ मिमी. आता दादाचा १४०/६०-१७ घ्या. १४० चे ६० टक्के म्हणजे ८४. व्यास ५९९.८ आणि परीघ सुमारे १,८८३ मिमी. म्हणजे रुंदी ४० मिमीने वाढली, पण चाक १२ मिमीने लहान झालं! गाडीचा मागचा भाग ६ मिमी खाली बसला आणि एका किलोमीटरला चाकाला दहाएक फेऱ्या जास्त माराव्या लागल्या. हा फरक फार मोठा नाही, हे मान्य. खरी गडबड पुढे आहे.

ही आवड आली कुठून? २००८ साली यामाहाची एफझी-१६ आपल्याकडे आली, मागे १४०/६०-१७ टायर घेऊन. तोवर दीडशे सीसीच्या गाड्यांचा मागचा टायर शंभराच्या आसपास रुंद असायचा. मागून बघताना ती गाडी भरदार दिसायची, म्हणून ज्याच्याकडे दुसरी गाडी होती त्यालाही तसंच चाक हवं झालं. पण कंपनीने तो टायर रुंद रिमवर, त्याला जागा देणाऱ्या सांगाड्यात आणि पुढच्या १००/८०-१७ टायरशी जोडी जमवून बसवला होता. आपण गॅरेजमधून फक्त टायर उचलून आणतो.

१४०/६० ला साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंदीची रिम लागते. १००/९० ची रिम अडीच इंचाच्या आसपास असते. या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि माथा फुगीर होतो. मग सरळ चालताना मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि तोच आधी झिजतो. म्हणजे पैसे १४० चे दिले आणि वापरात आला मधला पट्टा.

"रुंद टायर म्हणजे जास्त पकड" हे तर इतकं पक्कं बसलंय की विचारू नका. मागच्या चाकावर १४० किलो भार आहे आणि टायरमधल्या हवेचा दाब २८ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो, असं धरा. १४० ला २ ने भागा. रस्त्याला टेकलेला भाग येतो सुमारे ७० चौरस सेंटिमीटर, अर्ध्या पोस्टकार्डाएवढा. या भागाकारात टायरची रुंदी कुठे आलीच नाही! (टायरच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण अंदाजाला एवढं पुरे.) रुंद टायरमध्ये त्या ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं नाही. आणि वळताना मागचा रुंद टायर गाडीला जास्त झुकायला लावतो, तर पुढचा अरुंद टायर पटकन आत वळू पाहतो.

रुंद चाक बसवायला जागा करताना चाक थोडं बाजूला सरकवलं, तर पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत राहत नाही. गाडी एका अंगाला ओढते. टायर चेनला किंवा चेन कव्हरला घासतो का, तेही बघावं लागतं, आणि तेही मागे माणूस बसलेला असताना. रिकाम्या गाडीवर सगळं ठीकच दिसतं.

जोडी न जमणाऱ्या टायरचंही तसंच. पुढे गुळगुळीत झालेला जुना आणि मागे नवाकोरा, म्हणजे एका पायात बूट आणि दुसऱ्यात स्लीपर. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, आणि आपण खर्च केलेला असतो मागे. पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदर रोडला ओले पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, डांबर आणि काँक्रीटमधली खाच हे सगळं आधी पुढच्या चाकाला भेटतं. आई किंवा बाबांच्या मागे दप्तर घेऊन मूल बसलेलं असतं तीच ही गाडी. रेडियल आणि साधा टायर यांची जोडी तर कंपनीने स्वतः दिली असेल तरच ठेवावी.

कायद्याचंही सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावा करताना हाच प्रश्न निघू शकतो, ते वेगळंच.

मग बदलायचाच असेल तर? गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं माप बघा. आकारानंतर ५५पी असं काही असेल, तर ५५ म्हणजे त्या टायरची २१८ किलो भार पेलायची क्षमता आणि पी म्हणजे ताशी १५० किमी वेगाची मर्यादा. नवा टायर यापेक्षा कमी क्षमतेचा नको. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार "नवीनच आहे" म्हणाला तरी हे वाचा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेही बघा.

वर्गासाठी उपक्रम सोपा आहे. बंद गाडीच्या मागच्या टायरवर खडूची खूण करा, तशीच जमिनीवर करा. सपाट जागी मोठ्या माणसाने गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकलत पूर्ण एक फेरी पुढे न्यायची आणि मुलांनी टेपने अंतर मोजायचं. मग कोणाला तरी गाडीवर बसवून पुन्हा मोजा. उत्तर थोडं कमी येईल. का, ते मुलांना शोधू द्या.