काम केलेले इंजिन सुरू होत नाही? हेड पुन्हा खोलू नका



विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे काम करून आणलेले असते. नवा लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून घेतलेले. खर्चही थोडाथोडका झालेला नसतो. इंजिन पायावर बसते, चार जण आळीपाळीने हँडल मारून घामाघूम होतात, पण ते एकदाही धडधडत नाही. इकडे गव्हाला पेरून वीस दिवस झालेले असतात. मुकुटमुळे फुटण्याचा काळ पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचा, आणि त्या वेळचे पाणी चुकले तर फुटव्यांचे झालेले नुकसान पुढच्या पाण्याने भरून निघत नाही. आता बऱ्याच विहिरींवर विजेचे पंप आले, कोठे कोठे सौरपंपही आले. पण जेथे वीज नाही किंवा नेमकी त्याच वेळी नसते, तेथे सारी भिस्त या इंजिनावरच.

अशा वेळी घाईने हेड पुन्हा खोलले जाते. तेवढे करू नका. हेड उचलले की नवे पॅकिंग वाया जाते, दिवस मोडतो आणि दोष बहुधा तेथे नसतोच. धूर ओकत का होईना, कामाला जाईपर्यंत चालत असलेले इंजिन काम झाल्यावर सुरू होत नसेल, तर दोष झिजेचा नव्हे, जोडणीचा समजावा. जोडणीचे बरेचसे दोष हेडला पाना न लावता सापडतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे सोळा-सतरा पटींनी कमी करतो. त्या दाबाने हवा तापते आणि नोझलमधून धुक्यासारखे आलेले डिझेल तिच्यात आपोआप पेटते. म्हणजे तीनच गोष्टी पाहायच्या : डिझेल येते का, दाब धरतो का, आणि दोन्हींची वेळ जुळते का.

त्याआधी एक सोपी पाहणी. हँडल मारताना एकाने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. डिझेलच्या वासाचा पांढरट धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. मग दाब व वेळ तपासावी. धूर मुळीच नसेल, तर डिझेलपासून सुरुवात करावी. हवा आत घेण्याच्या नळीतही डोकावून पाहा. काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून मेस्त्री तेथे फडक्याचा बोळा कोंबतात आणि कधी कधी तो तसाच राहतो. हसू नका, एका गावी दोन दिवस हँडल मारल्यावर असा बोळा निघालेला मी पाहिला आहे.

डिझेलच्या बाबतीत टाकीची तोटी उघडी आहे ना, बंद करण्याची दांडी चालू बाजूला आहे ना, हे पाहावे. मग हवा काढावी. काम करताना सगळ्या नळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि नळीत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते, त्यामुळे पंपाचा जोर नोझलपर्यंत जातच नाही. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, मग पंपाचा स्क्रू, आणि शेवटी नोझलकडच्या नळीचा नट थोडा सैल करून चाक फिरवा. नट आवळल्यावर चाक हळू फिरवले, तर दर दोन फेऱ्यांत एकदा नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज यावा. आला तर डिझेलचे बहुधा ठीक आहे. नाही आला तर नोझल तपासून घ्यावा. नोझल बाहेर काढून फवारा पाहताना हात कधीही समोर धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमावण्याची वेळ येते.

आता दाब. येथे अनेकांची फसगत होते. नव्या रिंगांमुळे इंजिन जड फिरते आणि लोकांना वाटते, दाब उत्तम आहे. तो जडपणा सगळ्या फेरीत सारखा असतो. खरा दाब मात्र चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदाच लागतो आणि चाकाला मागे उसळी देतो. डिकॉम्प्रेशनची दांडी सोडून चाक हाताने सावकाश फिरवा. उसळी नसेल, तर प्रथम टॅपेट पाहा. व्हॉल्व्ह घासले की ते हेडमध्ये थोडे खोल बसतात, त्यांची दांडी तेवढीच वर येते आणि पूर्वीची फट नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. इंजिन थंड असताना पुस्तिकेत दिलेली फट पात्याच्या गेजने ठेवावी. डिकॉम्प्रेशनची दांडी व्हॉल्व्हला उचलून धरत नाही ना, तेही पाहावे.

फट ठीक असूनही दाब नसेल, तर नोझल काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, नोझल बसवा आणि चाक फिरवा. दाब वाढला तर गळती रिंगांकडून. तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडून किंवा हेडच्या पॅकिंगमधून. चमचाभर म्हणजे चमचाभरच. नोझल काढलाच आहे तर त्याखालचा तांब्याचा वायसर पाहा. जुना आत राहून त्यावर नवा बसला असेल, तर नोझल वर उचलला जातो.

राहिली वेळ. क्रँकच्या व कॅमच्या गिअरवर खुणा असतात आणि त्या समोरासमोर यायला हव्यात. एक दातही चुकला तर व्हॉल्व्ह आणि डिझेल दोन्ही अवेळी. बाहेरून ओळखायचे तर दाबाच्या फेरीत चाकावरची खूण माथ्यावर आणा : दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरले पाहिजेत. एखादा ताठ असेल आणि टॅपेटची फट बरोबर असेल, तर मात्र मेस्त्रीला बोलवा आणि गिअरचे झाकण त्याच्याकडूनच काढवून घ्या.

हे सारे बरोबर असूनही थंडीच्या सकाळी नवे घट्ट इंजिन हटून बसते, कारण ते वेगाने फिरत नाही आणि हवा तापत नाही. पंपाचा पट्टा काढा. पाण्याने थंड होणारे इंजिन असेल, तर पाण्याच्या जागी कोमट, मग गरम पाणी घाला. हवेच्या नळीत पेट्रोल ओतण्याचा उद्योग करू नका. त्या भडक्याने नव्या रिंगा फुटतात.

डिकॉम्प्रेशनची दांडी बहुधा घरची लक्ष्मी किंवा मुलगा धरतो. त्यांनाही हे सांगून ठेवा : चाकाने पुरेसा वेग घेतला की दांडी सोडायची, पदर आणि धोतराचा सोगा चाकापासून दूर. हँडल मारणाऱ्याने अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे उलटा झटका बसला तर हात सुटतो. आणि इंजिन सुरू होताच बेफाम पळू लागले, तर गव्हर्नरची जोडणी चुकली आहे. डिझेल बंद करा, थांबले नाही तर हवेची नळी फळीने दाबून धरा. हात लावू नका.

सुरू झाल्यावर लगेच पंप जोडू नका. अर्धा तास मोकळे चालवा, ऑइल आणि पाणी कोठे पाझरते का पाहा. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट समोरासमोरचे घेत पुन्हा आवळा, आणि हेड थोडे बसल्यामुळे टॅपेटची फट बदलते, म्हणून तीही पुन्हा जुळवून मगच पट्टा चढवा.