चुंबक आणि वीज : एक अवघड सोयरीक

चित्रकाराच्या रंगपेटीत, चिनी मातीच्या भांड्यांवरील झिलईत आणि पोलादाला चकाकी आणणाऱ्या कारागिराच्या हाताशी जी एक मंद हिरवी पूड आढळते, ती क्रोमियम ऑक्साइडची होय. आणि तिच्याकडे पाहून कोणासही असे वाटणार नाही, की पदार्थविज्ञानातील एका जुन्या वादाचा निवाडा याच द्रव्याच्या स्फटिकाने दिला. हे द्रव्य खिळा ओढून घेत नाही, होकायंत्राच्या सुईला ढळवीत नाही. तरीही त्याच्या अंतरंगात क्रोमियमचा प्रत्येक अणू हा एक सूक्ष्म चुंबक असून, एकाचे तोंड वर तर शेजाऱ्याचे खाली, अशा आळीपाळीच्या शिस्तीने ते सारे उभे असतात, आणि वरचे व खालचे समसमान असल्यामुळे बाहेरच्या जगाला त्यांच्या चुंबकत्वाची वार्ताही लागत नाही. अशा व्यवस्थेला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. क्रोमियम ऑक्साइडमध्ये तिचा अंमल सुमारे 34 अंश सेल्सिअसपर्यंतच चालतो. म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात ही फौज रांगेत उभी असते, आणि नागपूरच्या वैशाखात दुपारपर्यंत ती केव्हाच पांगलेली असते.

वीज आणि चुंबक यांचे नाते तर शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. 1820 साली अर्स्टेडने विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळताना पाहिली, 1831 मध्ये फॅरडेने बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण केली, आणि पुढे मॅक्सवेलने दोघांची एकत्र जमाबंदीच करून टाकली. मग नवा वाद कसला? वाद असा, की या साऱ्या व्यवहारात कोणीतरी सतत हलावे लागते. विद्युत्भार वाहिला तर चुंबकत्व, चुंबकीय क्षेत्र बदलले तर वीज. परंतु निश्चल भारित गोळा निश्चल चुंबकाशेजारी वर्षभर ठेवला, तरी दोघे परस्परांची दखल घेत नाहीत. एखाद्या घन पदार्थाच्या पोटात मात्र, केवळ स्थिर विद्युत्क्षेत्र लावून चुंबकत्व जागे करता येईल काय, आणि उलट, नुसता चुंबक जवळ आणून त्या पदार्थातील धन व ऋण भार किंचित अलग करता येतील काय, म्हणजेच त्याचे विद्युत् ध्रुवीकरण घडविता येईल काय, हा तो प्रश्न. 1894 मध्ये पिएर क्यूरीने तो सममितीच्या आधारे मांडला, आणि त्यानंतर साठ-पासष्ट वर्षे तो तसाच दफ्तरी पडून राहिला.

ही दिरंगाई समजून घ्यावयाची, तर दोन कल्पित परीक्षा घ्याव्या लागतील. पहिली काळाची : एखादा बोलपट उलटा फिरवावा, तसा काळ उलटा फिरला असे समजा. चुंबकत्व हे मुळात फिरत्या भाराचे, वर्तुळाकार प्रवाहाचे फळ असल्यामुळे प्रवाह उलटतो आणि उत्तरध्रुवाचा दक्षिणध्रुव होतो. पण धन व ऋण भार तर जागच्या जागी बसलेले, त्यांना काळाच्या उलटण्याची फिकीर नाही. दुसरी परीक्षा स्थळाची : पदार्थाचा प्रत्येक बिंदू मध्यातून पार नेऊन समोरच्या बाजूस ठेवला असे समजा. आता विद्युत् ध्रुवीकरणाची दोन टोके अदलाबदल पावतात, आणि फिरता प्रवाह मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरत राहतो. म्हणजे एकाला जी परीक्षा बाधते ती दुसऱ्याला बाधत नाही. दोघांच्या पत्रिका मुळातच जुळत नाहीत. त्यांची सोयरीक जमावी असे वाटत असेल, तर ती अशाच पदार्थाच्या घरी जमेल, की ज्याची अंतर्गत रचना या दोन्ही परीक्षांत बदलून जाते. सामान्य स्फटिकांपैकी बहुतेक या कसोटीलाच गळतात.

लांदाऊ आणि लिफ्शिट्झ या रशियन पंडितांनी 1957 च्या सुमारास आपल्या ग्रंथात अशा पदार्थाची शक्यता नमूद केली. द्झ्यालोशिन्स्की याने 1959 मध्ये बोट ठेवून सांगितले, की क्रोमियम ऑक्साइड हा तो पदार्थ. 1960 मध्ये अ‍ॅस्ट्रॉव्हने विद्युत्क्षेत्र लावून त्यात चुंबकत्व उत्पन्न झाल्याचे दाखविले, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेत फोलेन, रॅडो व स्टाल्डर यांनी उलट बाजूचा दाखलाही मिळविला. आत काय घडते ते ढोबळपणे असे : विद्युत्क्षेत्राच्या ओढीने क्रोमियमचे अणू आपल्या भोवतालच्या ऑक्सिजनच्या तुलनेत केसभर सरकतात, आणि रचनाच अशी आहे, की या सरकण्यात वर तोंड केलेल्यांची परिस्थिती व खाली तोंड केलेल्यांची परिस्थिती सारखी राहत नाही, त्यामुळे आजवर तंतोतंत जुळणारा हिशेब थोडा चुकतो, आणि त्या चुकीएवढे चुंबकत्व शिल्लक उरते. ही शिल्लक मात्र फार तुटपुंजी. एक सेंटीमीटर जाडीच्या स्फटिकावर हजार व्होल्टचा दाब दिला, तरी हाती येणारा परिणाम पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढा भरतो.

साहजिकच लोकांची अपेक्षा वाढली. ज्यात चुंबकीय शिस्त आणि स्वयंभू विद्युत् ध्रुवीकरण ही दोन्ही एकाच वेळी नांदतात, असे पदार्थ हवेत, असे सर्वांना वाटू लागले. अशांना पुढे 1994 मध्ये हान्स श्मिड यांनी ‘मल्टिफेरॉइक’ हे नाव दिले, आणि ते रूढ झाले. नाव मिळाले, पण धनी थोडे. सन 2000 मध्ये कॅलिफोर्नियातील निकोला हिल, ज्या आज स्पॅल्डिन या नावाने ओळखल्या जातात, यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचे शीर्षकच एक तक्रार होती : विद्युत् ध्रुवीकरण असलेले चुंबक इतके विरळ का? त्यांनी दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. बेरियम टायटनेटसारख्या प्रसिद्ध पदार्थात टायटॅनियम मध्यावरून ढळतो आणि ध्रुवीकरण घडते, ते त्याचे विशिष्ट इलेक्ट्रॉन-कक्ष रिकामे असतात म्हणून. त्या रिकाम्या जागेतच ऑक्सिजनशी त्याची जवळीक होते. चुंबकत्वाला मात्र तेच कक्ष अर्धवट भरलेले लागतात. एकाच खोलीवर दोघांचा दावा, आणि त्यातही एकाला ती मोकळी हवी, दुसऱ्याला वस्तीची!

यावर पहिला तोडगा निघाला तो कामाची वाटणी करून. बिस्मथ फेराइट या संयुगात लोह चुंबकत्व सांभाळते, आणि बिस्मथ, ज्याच्या बाहेरील इलेक्ट्रॉनांची एक जोडी बंधनात न पडता एका कुशीला कललेली असते, तो ध्रुवीकरणाची जबाबदारी घेतो. याची चुंबकीय शिस्त सुमारे 370 आणि विद्युत्शिस्त सुमारे 830 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, म्हणजे नागपूरचे ऊन येथे खिजगणतीत नाही. 2003 मध्ये भारतात जन्मलेले आणि त्या वेळी मेरीलँड विद्यापीठात असलेले राममूर्ती रमेश यांच्या गटाने त्याचे पातळ थर बनवून त्यात प्रबळ ध्रुवीकरण दाखविले, आणि निद्रिस्त असलेला हा विषय खडबडून जागा झाला. पुढे 2014 मध्ये या द्रव्याच्या थरावर बसविलेल्या चुंबकाची दिशा सामान्य तापमानात केवळ विद्युत्दाबाने उलटविण्यात यश आले. संगणकाच्या स्मृतीत चुंबक उलटविण्यास आज जो प्रवाह वाहवावा लागतो, आणि त्यापायी जी उष्णता व्यर्थ जाते, तिची बचत यातून व्हावी, हा त्यामागील व्यवहारी हेतू.

तथापि मला स्वतःला विशेष रुची वाटते ती दुसऱ्या तोडग्याची, जरी व्यवहारात त्याचा उपयोग अद्याप नगण्य असला तरी. त्याच 2003 साली जपानमधील किमुरा, टोकुरा व त्यांचे सहकारी यांनी टर्बियम मँगनाइटची कैफियत मांडली. बिस्मथ फेराइटमध्ये ध्रुवीकरण व चुंबकत्व हे एका घरातील दोन स्वतंत्र बिऱ्हाडांसारखे राहतात. येथे मात्र चुंबकत्वच ध्रुवीकरणाला जन्म देते. मँगनीजच्या प्रत्येक अणुचुंबकाची स्थिती मोठी चमत्कारिक असते : लगतचा शेजारी म्हणतो, माझ्यासारखाच उभा राहा, त्याच्या पलीकडचा म्हणतो, माझ्या विरुद्ध उभा राहा, आणि दोघांचेही मन राखणे अशक्य असल्यामुळे तो बिचारा प्रत्येक पायरीस थोडाथोडा वळत जातो. उणे 232 अंशांच्या खाली एक कमीजास्त होत जाणारी चुंबकीय लाट प्रथम उमटते, आणि उणे 245 अंशांच्या आसपास तिचे रूपांतर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरत जाणाऱ्या सर्पिलात होते. नेमक्या त्याच क्षणी ध्रुवीकरण प्रकट होते. सर्पिलाला डावे-उजवे असते. स्थळाच्या परीक्षेत डाव्याचा उजवा होतो, म्हणून ध्रुवीकरणास जो परवाना हवा होता, तो स्फटिकाच्या ठेवणीने नव्हे, तर या वळणाने दिला. शेजारी अणुचुंबक परस्परांशी कोन करून उभे राहिले, की मधला ऑक्सिजन एका बाजूस रेटला जातो, आणि साऱ्या सर्पिलभर हा रेटा एकाच दिशेचा असल्यामुळे त्याची बेरीज होते. ही बेरीज बेरियम टायटनेटच्या मानाने शेकडो पटींनी दुर्बल आहे खरी, पण आज्ञाधारक आहे : पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे लाखपट बलवान असे चुंबकीय क्षेत्र लावले, की ध्रुवीकरण एका अक्षावरून उठून काटकोनात दुसऱ्या अक्षावर जाऊन बसते.

अणूंची ही तोंडे कोणत्या दिशेस आहेत हे कळते कसे, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. त्याचे साधन न्यूट्रॉन हा कण. त्याला विद्युत्भार नसतो, पण स्वतःचे चुंबकत्व असते, म्हणून स्फटिकातून जाताना तो अणुचुंबकांच्या रांगांवरून विखुरतो, आणि त्या विखुरण्याच्या नमुन्यावरून रांगेची घडण वाचता येते. यासाठी अणुभट्टी लागते. मुंबईतील ट्रॉम्बे येथे 1985 पासून चालू असलेल्या ‘ध्रुव’ भट्टीच्या भोवती याच कामाची यंत्रे मांडलेली आहेत. टर्बियम मँगनाइटमधील सर्पिल 2005 मध्ये न्यूट्रॉनांनीच वाचला. दोन वर्षांनी जपानी संशोधकांनी तोच स्फटिक विद्युत्क्षेत्रात ठेवून थंड केला, आणि चुंबकीय दिशा ठरवून सोडलेल्या न्यूट्रॉनांनी त्याची तपासणी केली. विद्युत्दाब एका दिशेने दिला तर सर्पिल डावीकडे वळलेला सापडला. दाबाची दिशा उलटवून पुन्हा थंड केला, तर उजवीकडे.