आजीच्या कपाटाचे चार पाय

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात जाळीचं एक लाकडी कपाट होतं. आत दूध, दही, तूप आणि सगळ्यात वरच्या फळीवर लाडवांचा डबा. कपाटाचे चारही पाय चार वाट्यांत ठेवलेले असायचे आणि वाट्यांत पाणी. कशासाठी, ओळखा बघू! बरोबर, मुंग्यांसाठी. मुंगी पाण्याच्या काठापर्यंत यायची, मिशा हलवायची आणि मागे फिरायची. किल्ल्याभोवती खंदक असतो ना, तसा लाडवांभोवतीचा हा खंदक.

अगदी असेच खंदक एकदा पनामातही केले होते. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी म्हणजे पनामा. १८८१ साली फ्रेंचांनी तिथे कालवा खणायला घेतला. मजुरांसाठी मोठं रुग्णालय बांधलं, भोवती सुंदर बाग केली. पण मुंग्या फार! म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले. बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची कडी केली. मुंग्या थांबल्या, पण एक विचित्र गोष्ट घडू लागली. भलत्याच दुखण्यासाठी आलेल्या माणसांना रुग्णालयात पीतज्वर, म्हणजे ‘यलो फीवर’ नावाचा ताप, व्हायचा. हजारो माणसं दगावली, आणि १८८९ साली कालव्याचं काम थांबलं.

खाटेखालच्या त्या पाण्यात डास वाढत होते. पीतज्वर डासामुळे पसरतो, असं क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासूनच सांगत होते, पण जवळजवळ वीस वर्षं त्यांचं कुणी खरं मानलं नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. अखेर १९०० साली हवाना शहरात वॉल्टर रीड आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी प्रयोग करून ते सिद्ध केलं. मग विल्यम गॉर्गस या डॉक्टरांनी आधी हवाना आणि नंतर पनामा हाती घेतलं. तेव्हा पीतज्वरावर औषध नव्हतं, लसही नव्हती. त्यांची माणसं घरोघर जाऊन साठलेलं पाणी शोधायची. पिंपांवर झाकण, खिडक्यांना जाळी, डबक्यांवर तेल. १९०५ संपेपर्यंत पनामा शहरातला पीतज्वर थांबला. कालवा पुन्हा खणला गेला, आणि १९१४ साली त्यातून जहाजं जाऊ लागली.

त्या डासाचं नाव एडिस इजिप्ती. तो तुमच्या ओळखीचा आहे! काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो दिवसा. भारतात पीतज्वर नाही, पण डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवतो तो मुख्यतः हाच. खरं तर ‘चावते’ म्हणायला हवं, कारण फक्त मादी चावते. अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. नराचं फुलांच्या नि झाडांच्या रसावर भागतं.

मादी अंडी कुठे घालते, माहीत आहे? पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. काळी, खसखशीहून बारीक, एका वेळी शंभरेक. पाणी वाढून अंड्यांना लागलं की अळ्या बाहेर पडतात. अळी डोकं खाली, शेपूट वर करून लटकते. तिचं श्वास घ्यायचं नळकांडं शेपटीकडे असतं, आपण स्नॉर्कल लावून पोहतो तसं. चार वेळा कात टाकली की तिचा कोष होतो, हुबेहूब स्वल्पविरामासारखा. कोष काही खात नाही. दोनेक दिवसांनी तो फाटतो आणि डास उडून जातो. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात.

म्हणून तर आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळा असं सांगतात. दर सात दिवसांनी पाणी ओतून दिलं, तर आठव्या दिवशी उडणारा डास उडणारच कसा?

मात्र नुसतं ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी आठ महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे दिवाळीत घातलेली अंडी जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघत बसतील! म्हणून भांडं काथ्यानं खसखसून घासायचं आणि उन्हात पालथं घालायचं.

आणखी एक गंमत. हा डास फार लांब जात नाही, बहुतेक वेळा दोन-चारशे मीटरच्या आतच फिरतो. तेव्हा तुम्हाला चावलेली मादी तुमच्याच घरात नाहीतर शेजारी जन्मलेली असणार. कुंडीखालची बशी, मनी प्लँटची बाटली, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, अंगणातली करवंटी, इतकंसं पाणी तिच्या पिल्लांना पुरतं.

पण मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. तिथल्या आईला ‘टिपाड ओतून दे’ असं कोण सांगणार? ते पाणी म्हणजे तिची मेहनत आहे. तिथे टिपाडावर घट्ट कापड बांधायचं, म्हणजे मादीला आत शिरायला फट उरत नाही. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडतात, ते अळ्या मटकावतात. आणि घरात कुणाला डेंगी झालाच, तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवायचं. डास त्याला चावला की विषाणू डासात शिरतो, आठ-बारा दिवस वाढतो, आणि मग तोच डास घरातल्या दुसऱ्याला चावायला येतो.

या रविवारी मोठ्यांना सोबत घ्या आणि टॉर्च घेऊन घरभर फिरा. साठलेल्या पाण्यावर हाताची सावली धरा. काही वळवळत झटकन तळाशी गेलं, तर समजा अळ्या सापडल्या. ते पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता.

आजीच्या वाट्यांत मात्र कधीच अळ्या नव्हत्या. रोज सकाळी ती पाणी बदलायची आणि त्यावर रॉकेलचे दोन थेंब टाकायची. (तुम्ही रॉकेलला हात लावू नका हं!) मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, “नाहीतर पाण्यावर धूळ साचते रे, आणि मुंग्या त्यावरून चालत जातात.” तिनं रॉकेल टाकलं होतं मुंग्यांसाठी, पण तेलाच्या त्या पातळ थरातून अळीचं नळकांडं वर येऊच शकत नव्हतं.