अतिविलंब शुल्कासह

१९९४ पूर्वी नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ औरंगाबादेस होते, आणि परीक्षेचा अर्ज मुदतीत न पोचल्यास टपालाची अथवा अंतराची सबब सांगण्याची सोय त्याला होती. त्या वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पुढे अर्ज कागदावरून संगणकावर आला, अंतर मिटले. दिरंगाई मात्र जिथल्या तिथे राहिली. विलंब शुल्काविना, विलंब शुल्कासह आणि अतिविलंब शुल्कासह अशा चढत्या भाजणीने मुदती देणारी आपल्या विद्यापीठांची परिपत्रके म्हणजे मनुष्यस्वभावाची दफ्तरी कबुलीच होय. छायाचित्र मोबाइलात आहे, सही स्कॅन केलेली आहे, शुल्काची रक्कम घरून आलेली आहे, काम अर्ध्या तासाचे आहे, आणि तरीही ते शेवटच्या रात्रीपर्यंत पडून राहते. मग सर्व्हर डाऊन झाला की संगणकाच्या नावाने बोटे मोडली जातात.

याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण आळशी मनुष्य स्वस्थ बसतो, आणि चालढकल करणाऱ्याला नेमके तेच साधत नाही. उद्या बॅकलॉगचा पेपर असताना तो खोली झाडतो, कपडे धुतो, मित्राच्या कामासाठी शहरात जाऊन येतो. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रतिपादन केले, की असा मनुष्य कामाला टाळत नसून कामाच्या आठवणीसरशी मनात उठणारी भीती, कंटाळा आणि स्वतःविषयीची शंका यांना टाळत असतो. काम पुढे ढकलताच ती भावना घटकाभर ओसरते, आणि या सुटकेची चटक लागते. त्यात मनाचा दुसरा धर्म मिसळतो, तो असा की लांबच्या लाभहानीची किंमत आपण फार कमी धरतो, आणि मुदत उंबरठ्यावर येताच ती एकाएकी भरमसाट वाढते. म्हणूनच दीर्घसूत्री माणसे शेवटच्या रात्री झपाट्याने काम उरकतात, आणि दडपणाखालीच आपले काम उत्तम होते, अशी बढाईही मारतात.

या बढाईचा हिशेब डायान टाइस आणि रॉय बॉमाइस्टर या अमेरिकन संशोधकांनी १९९७ मध्ये चोख मांडला. सत्राच्या आरंभी चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा खरोखरच निश्चिंत आणि निरोगी आढळले. उपदेशक ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो. परंतु सत्र संपत आले तेव्हा ताण त्यांचाच अधिक, दुखणी त्यांचीच अधिक, आणि दोन्ही काळांचा जमाखर्च एकत्र केला तर आजारपणाची बाकी त्यांच्याच नावावर निघाली. गुणही कमीच पडले. खिडकीवर भरलेला दंड हा या खर्चातला सर्वांत किरकोळ भाग.

दुरून डोंगर साजरे, हे प्रबंधाइतके दुसऱ्या कशाला लागू पडत नसेल. १९९४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले, तेव्हा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. सर्व काही बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर जो आकडा त्यांनी दिला, तोही साधारण ४९च होता.

मग शिष्याची खरडपट्टी काढावी काय? २०१० साली पिचिल यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली. हा निष्कर्ष आपल्या छडीच्या परंपरेला रुचणारा नाही, पण वरील कारणमीमांसेशी तो सुसंगत आहे: मूळ रोगच मनातली अप्रिय भावना असेल, तर अपराधाची आणखी एक भावना तिच्यावर लादून तो कसा हटावा?

विष्णुपुरीतल्या आणि लातूरच्या उपपरिसरातल्या मार्गदर्शकांना म्हणून एकच विनंती: प्रबंधाला एकटी अंतिम तारीख न देता प्रकरणागणिक तारीख लावून द्या, आणि ती हुकली तर विद्यार्थ्याला न रागावता त्याच दिवशी समोर बसवून पहिला परिच्छेद लिहून घ्या.