ठाणे खाडीतले दोन रोहित : रंग सोडा, चोच बघा

ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दोन जातींचे येतात. बहुतेक लहान रोहित, त्यांच्यात मिसळलेले काही मोठे. ‘जास्त गुलाबी तो लहान’ हे सूत्र सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं. हा रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडमुळे येतो, वयानुसार बदलतो आणि दोन्ही जातींची पिल्लं करडीच असतात. उंचीचं म्हणाल, तर लहान साधारण ८०-९० सेंटीमीटर आणि मोठा सव्वा मीटरच्या आसपास. पण पक्षी एकटाच उभा असेल तर मापायचं कशाशी?

चोच मात्र सहसा फसवत नाही. प्रौढ मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. लहानाची गडद किरमिजी, लांबून तर काळीच वाटते. खरी गंमत आत आहे. लहानाच्या चोचीतली गाळणी इतकी बारीक की सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ आणि डायटमही अडकतात. मोठ्याची गाळणी जाड. त्याला छोटे कवचधारी जीव, अळ्या, शंख-शिंपले लागतात. म्हणून लहान रोहित पाण्याच्या वरच्या थरातून चोच फिरवतो, तर मोठा मान बुडवून तळ ढवळतो. एकाच खाडीत दोघांचं भागतं ते बरंचसं यामुळेच. ‘एवढ्या लांबून चोच दिसणार कशी?’ हा आक्षेप रास्त आहे. पण चोच दिसली नाही तरी खाण्याची ढब दिसते. अर्थात उघड्या चिखलावर दोघंही सारखेच वाकलेले दिसतात. तिथे हा पुरावा कच्चा, आणि दुर्बिणीला पर्याय नाही.