चिऊ-काऊची गोष्ट, हातांनी

चिऊ-काऊची गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी घरातलं मूल मोठं होत नाही. आपल्या बडोद्यात तर घरात चिऊ-काऊ आणि शेजारच्या घरी चका-चकी, अशी दुहेरी चंगळ. पण मूल कर्णबधिर असेल तर?

बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या घरी जन्मतात. माया भरपूर असते, पण भाषा पोचत नाही. 'जेव', 'झोप', 'नको' एवढ्या खुणांवर वर्षं निघून जातात आणि गोष्ट राहून जाते. 'मग काय झालं?', 'काऊला काय वाटलं असेल?' असा विचार करायला मूल गोष्टीतूनच शिकतं. लहान वयात एक तरी भाषा पूर्ण मिळाली नाही, तर पुढे वाचन-लेखनही जड जातं.

भारतीय सांकेतिक भाषा ही अशी पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द सहसा शेवटी येतो, आणि भुवया, डोळे, खांदे हेही वाक्याचाच भाग असतात.

मग चिऊ-काऊ कसे सांगायचे? मुलाच्या समोर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. आधी चित्र निवांत पाहू द्या, मग खुणा करा, कारण डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. हवेत डावीकडे चिऊचं घर, उजवीकडे काऊचं. बोटांनी पाऊस पाडा. काऊ बोलताना खांदे एका बाजूला वळवा, चिऊ बोलताना दुसऱ्या. चिऊची कामं संपत नाहीत, तसतसा दाराबाहेरच्या काऊचा चेहरा पडत जातो. आवाजातली गंमत इथे चेहऱ्यावर येते.

खुणा शिकायच्या कुठे? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३ हजार शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये १० हजारांवर पोचला. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर पाहता येतात. रोज पाच खुणा घरातल्या सगळ्यांनी शिकाव्यात, आजी-आजोबांनीसुद्धा. मात्र नुसत्या व्हिडिओवर भाषा येत नाही. कर्णबधिर मोठ्या माणसांशी ओळख वाढवायला हवी. गोष्ट रंगवावी तर त्यांनीच. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलं, तरी खुणा सोडायचं कारण नाही. दोन्ही सोबत चालतात.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. पुस्तक सगळ्यांपर्यंत पोचावं, ही या शहराची जुनी रीत. आज इथे अक्षर ट्रस्ट, मूक ध्वनी यांसारख्या संस्था कर्णबधिर मुलांसाठी काम करत आहेत.

यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळातही एक गोष्ट हातांनी सांगितली जावी. ऐकू येणारी मुलंही पुढच्या रांगेत बसतील, आणि एखादं मूल पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर हसेल.