खाणपट्ट्यातील रोजगार आणि कामगार महासंघ : डिचोली-मुळगावच्या संदर्भात

प्रास्ताविक
एका आस्थापनातील कामगार संघटनेची बोलणी मुख्यतः मालकाशी होतात. अशा अनेक संघटना मध्यवर्ती संस्थेशी संलग्न झाल्या की महासंघ बनतो व त्याला शासनाशीही बोलावे लागते. हा फरक डिचोली तालुक्यातील मुळगावच्या लोहखनिज पट्ट्यात स्पष्ट दिसतो.

महासंघांचे कार्य
आयटकची स्थापना 1920 मध्ये मुंबईत झाली. पुढे इंटक (1947), हिंद मजदूर सभा (1948), भारतीय मजदूर संघ (1955) व सिटू (1970) हे महासंघ उभे राहिले. गोव्यात स्वतंत्र कामगार चळवळीला 1961 च्या मुक्तीनंतरच खरा वाव मिळाला. वेतनकराराच्या वेळी संलग्न संघटनेला साहाय्य करणे, त्रिपक्षीय समित्यांवर प्रतिनिधी पाठविणे आणि कामगार कायद्यांविषयी देशपातळीवर भूमिका घेणे, ही महासंघाची प्रमुख कार्ये होत.

मुळगाव परिसराचा अनुभव
2012 मध्ये प्रथम राज्य शासनाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. 2014 मध्ये बंदी उठली. परंतु 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि 16 मार्चपासून उत्खनन बंद पडले. अशा वेळी मालकाविरुद्ध संप करून काय साधणार? काम मालकाने थांबविले नव्हते. नुकसानभरपाई, पर्यायी रोजगार व नवे धोरण हे प्रश्न शासनदरबारचे होते आणि ते एका खाणीच्या संघटनेच्या आवाक्याबाहेरचे होते.

डिसेंबर 2022 च्या लिलावात डिचोली-मुळगाव गट वेदांता कंपनीला मिळाला व 2024 मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. लिलावात खनिजमूल्याचा सर्वाधिक हिस्सा शासनाला देऊ करणारा जिंकतो. जुन्या कामगाराची नोकरी ही बोलीची कसोटी नसते.

मर्यादा
खाणीच्या हजेरीपटावर नसलेले ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले यांचीही चूल खनिजावरच पेटते. तथापि वेतनकरारात त्यांना स्थान नसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असल्यास 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. ही मोजणीही हजेरीपटावरच्यांचीच होते.

समारोप
म्हणून महासंघाचे यश केवळ वेतनवाढीवरून मोजता येणार नाही. हजेरीपटाबाहेरच्यांचा प्रश्न तो शासनापुढे किती नेटाने मांडतो, हीच त्याची कसोटी होय. कम्युनिटी कॉलेजमधून बाहेर पडणारे अनेक तरुण कंत्राटी कामावरच रुजू होतात. त्यांना कौशल्याबरोबर हेही शिकविणे अगत्याचे आहे.